आपोआप बंद होणारी शेगडी

हिलालआबांनी नोकरीभर एसटीची गाडी कधी खड्ड्यात घातली नव्हती, पण स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्यांना सांगता आलं नसतं. ड्रायव्हर माणूस. मुक्कामी गाडी घेऊन गेला की दुसऱ्या दिवशी उगवायचा, पुढ्यात ताट आलं की जेवायचा आणि पुन्हा डेपोत जायचा. स्वयंपाकघर ही सुंदरबाईची हद्द, आणि दुसऱ्याच्या हद्दीत आपण शिरायचं नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. तोच माणूस आता म्हातारपणी हातात पेचकस घेऊन ओट्यापुढे उभा होता आणि एकेका वस्तूला एकच प्रश्न विचारत होता : तुला विसरलं, तर तू काय करशील?

मिक्सर झाकण न लावताही फिरायचा. गेल्याच महिन्यात त्याने शेंगदाण्याची चटणी छतापर्यंत पोचवली होती. नापास. कुकर विसरला तर पाणी आटणार, मग डाळ जळणार, मग काय उडेल ते देवाला ठाऊक. नापास. विळीला तर त्यांनी काही विचारलंच नाही, सरळ फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. परीक्षेत पास झाला तो फक्त पाण्याचा माठ. माठ विसरला तर पाणी जरा जास्त गार होतं, एवढंच.

सुंदरबाई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग देवघरातला दिवा, मग माणसांची नावं. लोक म्हणाले वय झालं. आबाही तेच म्हणाले, कारण तसं म्हणणं सोपं होतं. पण उन्हाळ्यात एका दुपारी तिने गॅसचं बटण फिरवलं आणि काडी न ओढताच ती ओट्यापुढून निघून गेली. आबा बाहेरच्या खोलीत घोरत होते. शेजारच्या लताबाईच्या नाकाला वास गेला म्हणून बरं, नाहीतर धुळ्यातल्या देवपूरच्या त्या गल्लीतली दोन घरं तरी उडाली असती. लताबाईने धावत येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आबांना हलवून जागं केलं, आणि मग शेजारी जे करतात तेच केलं. जळगावला प्रेमराजला फोन केला.

प्रेमराज हा त्यांचा एकुलता मुलगा. जळगावला कंपनीत नोकरीला. तो दुसऱ्याच दिवशी आला, आईजवळ बराच वेळ बसला, आणि मग बापाला अंगणात घेऊन गेला.

"आबा, हे असं चालणार नाही. आमच्याकडे दिवसभर घरात कोणी नसतं, नाहीतर दोघांना आजच नेलं असतं. नाशिकला एक संस्था आहे. अशा माणसांना नीट सांभाळतात. डॉक्टर असतो, बाया असतात."

"आणि मी?"

"तुम्ही आमच्याकडे यायचं. महिन्यातून एकदा जाऊ ना मायला भेटायला."

महिन्यातून एकदा.  जन्मभर ही बाई आबांच्या गाडीची वाट बघत बसली, आणि आता कुठे ते घरी राहायला लागले तर तिला उचलून परक्यांत ठेवायचं! पोरगा वाईट नव्हता. बोलताना त्याला बापाकडे बघवत नव्हतं. म्हणून तर आबांना त्याच्यावर ओरडताही येईना.

"श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत थांब," ते एवढंच म्हणाले. "घर मी नीट करतो. तू येऊन बघ."

"बघतो. पण मला धोका दिसला, तर मायला मी घेऊन जाईन. मग अडवू नका."

त्यावर आबांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या मागे लागले.

धुळ्याच्या आग्रा रोडवर भांड्यांच्या दुकानात शिरून आबांनी विचारलं, "न सांगता आपली आपण बंद होईल अशी काय काय वस्तू आहे?" दुकानदाराने आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग त्याला उत्साह आला. गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी, भांडं उचललं की बंद. विजेचा कुकर, भात झाला की बंद. किटली, पाणी उकळलं की बंद. झाकण बसल्याशिवाय फिरणारच नाही असा मिक्सर. दाबलं की पोळी भाजून देणारं यंत्रसुद्धा निघालं. आबांनी आयुष्यभर ब्रेकवर विश्वास ठेवलेला. जिला ब्रेक आहे ती वस्तू चांगली, एवढं त्यांना कळत होतं. रिक्षा भरून ते घरी आले.

मग एक नवीनच भानगड निघाली. त्या शेगडीवर घरातली ॲल्युमिनियमची पातेली तापेनात. तिला सपाट बुडाची, लोखंडाच्या जातीची भांडी हवीत, असं दुकानदार फोनवर म्हणाला. म्हणजे पातेली गेली, खोलगट तवा गेला, दुधाचं भांडं गेलं, तिच्या माहेराहून, नरडाण्याहून आलेली पितळी कढई गेली. बठ्ठं, सगळंच, माळ्यावर. जुनी गॅसची शेगडी आणि सिलिंडर लताबाईने मागून घेतलं. तिची स्वतःची शेगडी बिघडलेलीच होती. दोन दिवसांत स्वयंपाकघर असं लख्ख झालं की दुकानाच्या काचेत मांडून ठेवावं. आबा खूश झाले. आता म्हटलं, येऊ दे प्रेमराजला.

सुंदरबाई उंबऱ्यात उभी राहून ते सगळं बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "हाई कोन्हं घर शे?"

"आपलंच शे, प्रेमराजनी माय."

"मना चुल्हा कोठे शे?"

आबांनी शेगडी लावून दाखवली. शेगडी टीं करून वाजली तशी ती दचकून मागे सरली. आबांनी पाणी तापवून दाखवलं. तिने खाली वाकून बघितलं. "जाळ नही, काही नही. मग हाई तपस कशावर?" आबा समजावत राहिले. आणि ते पातेलं उतरवून बाजूला वळले, तेवढ्यात तिने खरंच तापलंय का ते बघायला तळहात सरळ त्या काळ्या काचेवर टेकवला.

शेगडी बंदच झाली होती. जसं दुकानदाराने सांगितलं तसंच. पण काच तापलेली होती. तळहाताला टरारून फोड आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चुलीजवळ आणि गॅसजवळ काढलेल्या बाईला कधी एवढं भाजलं नव्हतं ते या बिनधोक शेगडीने भाजलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आबांनी मलम लावलं, पट्टी बांधली, आणि फोनवर प्रेमराजला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

त्यानंतर ती ओट्याजवळ जाईना. डबे नवे, भांडी नवी, वस्तू ठेवायच्या जागा नव्या. चहा करायला म्हणून जायची आणि हात अर्ध्यावर थांबायचा. मग तशीच परत यायची. आबांनी किटलीत चहा केला तर दोन घोट घेऊन म्हणायची, "पाव्हण्यासकडे किती दिन ऱ्हावानं? घर जाऊत ना आते." संध्याकाळ झाली की पिशवीत दोन लुगडी भरून दाराशी बसायची. आधी ती चष्मा विसरत होती, आता घरच विसरायला लागली. आणि एकदा तर तिने आबांकडे बघून फार सौजन्याने विचारलं, "चहा लेतस का, भाऊ?"

आबा हसले. थट्टा केली असेल म्हणून हसले. पण त्या रात्री त्यांनी ताट तसंच सरकवून ठेवलं.

चार दिवसांनी आबा आंघोळ करून बाहेर आले तर सुंदरबाई घरात नव्हती. पिशवीही नव्हती. आबा नुसत्या पंचावर गल्लीत धावले. तेवढ्यात लताबाई तिच्या दारातून हातानेच खुणा करायला लागली. "आबा, इकडे या. बोलू नका काही. नुसतं बघा."

लताबाईच्या स्वयंपाकघरात सुंदरबाई ओट्यापुढे उभी होती. पिशवी कोपऱ्यात टेकवलेली. पुढ्यात तीच जुनी गॅसची शेगडी, जिचं एक बटण तिनेच कधीतरी दोऱ्याने बांधलं होतं. परातीत ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ मळलेलं. पट्टीतला हात जरा सांभाळून, पण दुसऱ्या हाताने ती भाकरी अशी थापत होती की पीठ आपणहून गोल होत चाललं होतं. भाकरी तव्यावर गेली, वरून पाणी फिरलं, उलटली, तवा उतरला, भाकरी जाळावर टम्म फुगली. शेवटची भाकरी टोपल्यात पडली आणि तिचा हात, तिने बघितलंसुद्धा नाही, आपला आपण बटणाकडे गेला आणि बटण बंद करून परत आला.

"कधीची आली?" आबांनी कुजबुजत विचारलं.

"तासभर झाला असेल. मला म्हणाली, 'मना चुल्हा आठे शे का!' आणि लागली पीठ मळायला. मी म्हटलं, मळू दे."

 जिथे शेगडी गेली तिथे ही गेली होती. त्यांना एकदम दिसलं की आपण काय करून बसलो. डोकं विसरत होतं, पण हात विसरले नव्हते. आणि आपण शहाणपणाने तिच्या हातांच्या ओळखीचं एकेक भांडं उचलून माळ्यावर टाकलं. रोग परवडला, पण हे औषध नको, असं त्यांना झालं. त्यांनी लताबाईपुढे हात जोडले. "शेगडी परत दे बाई. तू ती काळी घेऊन जा, किटली घे, काय पाहिजे ते घे."

"शेगडी न्या," लताबाई म्हणाली. "पण आबा, त्या दिवशी बटण उघडं राहिलं ते याच शेगडीचं. ते काय आता राहणार नाही?"

राहणारच होतं. दहा वेळा हात बंद करेल आणि अकराव्या वेळेला चुकेल. आबा घरी येऊन त्यावर खूप विचार करत बसले. आपोआप बंद होणारी वस्तू हवी, हे खरंच होतं. मग त्यांनी बाहेरच्या खोलीतलं लाकडी स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात, सिलिंडरच्या शेजारी, नेऊन ठेवलं. जन्मभर त्या खोलीत पाय न ठेवलेला माणूस तिथे मुक्कामाला बसला.

हळूहळू सगळं खाली उतरलं. कढई, तवा, पातेली. विळी मात्र आबा हातात देत आणि भाजी चिरून झाली की परत घेत. ती ओट्याशी असेपर्यंत हे स्टुलावर. ती बाहेर गेली की रेग्युलेटर बंद. चुकली तर हे बोलत नसत, नुसता हात लांब करून बटण फिरवत. ती घर जायचं म्हणेनाशी झाली. चहा करू लागली. गुणगुणू लागली. कधीकधी स्टुलावरच्या माणसाकडे बघून ती गोंधळायची, 'भाऊ' म्हणायची. मग पुन्हा कामाला लागायची. आबा म्हणत, असू दे. शेगडी ओळखते, तर आपल्यालाही ओळखेल.

श्रावण लागला, नागपंचमी झाली, आणि पुढच्या रविवारी कानबाई देवी यायची वेळ झाली. खानदेशात हा रविवार म्हणजे घरोघर दिवाळी. गल्लीतल्या पिठाच्या चक्कीवाल्याने चक्की धुऊन ठेवली, कारण रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण उष्ट्या चक्कीवर चालत नाही. रोटाचे गहू घरच्या बाईनेच मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आणि त्या गव्हाचा जो रोट होईल तो घरच्या भाऊबंदांनीच खायचा. बाहेरचा माणूस कितीही जवळचा असो, त्याला त्यातला घास द्यायचा नाही. कानबाईचा नेम तो नेम.

शनिवारी सकाळी सुंदरबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गव्हाच्या डब्यापुढे बसली. आबा स्टुलावर. आपल्या नावाची मूठ पडते की नाही, हे ते बघत होते. तिने पहिली मूठ भरली, वर पाव मूठ, आणि सुपात टाकली. नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. "हाई घरधनीनी," ती म्हणाली. मग, "हाई प्रेमराजनी. हाई नातूनी." आणि डबा लावून टाकला. चुकली नाही, अडखळली नाही. नवऱ्याची मूठ सगळ्यांत आधी! आबांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

संध्याकाळी प्रेमराज, सून सारिका आणि नातू आले. प्रेमराज आईच्या पाया पडला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. त्याने आधी सिलिंडर बघितला, मग आईच्या तळहातावरचा वण.

"आबा! गॅस परत? आणि हे काय, हात भाजलाय तिचा!"

"गॅसने नाही भाजला. त्या नव्या शेगडीने भाजला."

"कशानेही भाजू दे. मला सांगितलंत का? तुम्ही म्हणालात घर नीट करतो. हे नीट?" त्याचा आवाज चढला. "मी उद्या रोट झाला की तिला घेऊन निघणार."

आबा रागावले नाहीत. रागावायचं त्राणही नव्हतं आणि लपवल्याची लाजही होती. ते म्हणाले, "उद्याचा दिवस तू इथे या दारात उभा राहून बघ. तिच्याकडून स्वयंपाकात काही बिघडलं, तर तिची पिशवी मीच भरून देईन."

प्रेमराज खरोखरच दारात उभा राहिला. रविवारी पहाटेपासून. पुरण शिजलं, वाटलं गेलं. सारिकाने कणीक जरा घट्ट मळली तर सुंदरबाईने बोटाने दाबून बघितलं आणि काही न बोलता वर तेलाचा हात फिरवला. खीर झाली, आमटी झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली. पोळ्या अशा पातळ उतरल्या की सारिका नवऱ्याला म्हणाली, "यांना काही झालंय असं कोण म्हणेल?" एकदाच चूक झाली. दूध उतू जायच्या बेतात असताना सुंदरबाई खिडकीबाहेर कानबाईची गाणी ऐकत उभी राहिली. आबांनी स्टुलावरूनच हात लांबवला आणि बटण बंद केलं. मग मुलाकडे बघितलं.

"आपोआप बंद होतं," ते म्हणाले.

प्रेमराजला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी बापलेक एकमेकांकडे बघून हसले, आणि आबांच्या मनावरचं ओझं निम्मं उतरलं.

कानबाईला नैवेद्य दाखवला. सुंदरबाईने पाट मांडले आणि ताटं वाढायला घेतली. पहिलं ताट घरधन्याचं, देवीच्या समोरच्या पाटापुढे. त्यावर तिने पोळी ठेवली, तूप जरा जास्तच सोडलं. मग मुलाचं, मग नातवाचं. सारिका म्हणाली, "बसा आबा." आबा टोपी नीट करून पहिल्या पाटावर बसायला वाकले.

"अहो भाऊ!" सुंदरबाई एकदम पुढे आली. "तठे नका बसू. हाई ताट त्यासनं शे."

आबा वाकलेले तसेच राहिले.

"माय," प्रेमराज म्हणाला, "अगं, आबाच आहेत ना हे!"

"तुना आबा ड्यूटीवर शेतस. येतीन आते, येवाना टाईम हुई गया." मग ती आबांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्याला नाही म्हणावं लागतं तेव्हा बाईमाणूस अवघडतं, तशी ती अवघडली होती. "वाईट मानू नका, भाऊ. तुम्ही दिनभर आठे बसतस, मदत करतस, मले माहीत शे. पण हाऊ रोट शे ना, हाऊ भाऊबंदकीनाच ऱ्हास. बाहेरनासले देता येत नही. तुमले मी भाकर टाकी देस."

 सारिकाने पदर तोंडाला लावला. प्रेमराज पुन्हा बोलायला गेला तसं आबांनी त्याला हातानेच थांबवलं. ते हळूहळू सरळ झाले.

"बरोबर शे, अक्का," ते म्हणाले. "नेम तो नेम."

आणि ते स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. तिथून त्यांना आपलं ताट दिसत होतं. सुंदरबाईने त्यावर दुसरं ताट झाकलं, माशी बसू नये म्हणून. मूठ तिने बरोबर मोजली होती. नवरा तिला पूर्ण आठवत होता. खाकी कपड्यांतला, काळ्या मिशांचा, उशिरा येणारा. फक्त हा स्टुलावरचा म्हातारा त्याचा कोणी लागत नव्हता. आबांना जन्मात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, सापुताऱ्याच्या घाटात गाडी बंद पडून रात्र काढली होती तेव्हाही नाही. आणि प्रेमराजने सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. आता कशाच्या जोरावर त्याला अडवायचं? जी बाई नवऱ्याला ओळखत नाही तिच्याजवळ नवऱ्याने राहायचं कशाला, असं तो म्हणाला, तर त्याला उत्तर काय द्यायचं? उद्या पिशवी भरावी लागणार, असं त्यांनी मनाशी धरलं.

सुंदरबाई आत आली. तिने कळण्याचं पीठ घेतलं, मळलं, थापलं. काडी ओढली. भाकरी भाजली, फुगली. तिने बटण बंद केलं. मग तिने गरम भाकरीचा पापुद्रा बोटाच्या टोकाने अलगद उचलला, आत लसणाची चटणी पसरली, त्यावर कच्च्या तेलाची धार सोडली, पापुद्रा परत बसवला, भाकरीची अर्धी घडी घातली, आणि तेल गळू नये म्हणून घडीची कड अंगठ्याने सबंध दाबत नेली. खालचं टोक फडक्यात गुंडाळून तिने ती भाकरी आबांच्या हातात दिली.

 अशी भाकरी या घरात एकाच माणसासाठी होत असे. गाडी चालवणाऱ्या माणसाला एका हाताने खाता यावी म्हणून लग्नानंतर तिनेच ती रीत काढली होती. सीटशेजारच्या पिशवीत ती फडक्यातली भाकरी असायची. प्रेमराज लहान असताना तशीच पाहिजे म्हणून रडायचा आणि ती म्हणायची, तुला ताटात देते, ही गाडीवाल्याची.

त्यांनी वर बघितलं. प्रेमराज दारात उभा होता. त्याचं ताट तसंच बाहेर पडलं होतं. त्याने बापाच्या हातातली भाकरी बघितली, घडीच्या कडेवरचे आईच्या अंगठ्याचे ठसे बघितले, आणि त्याचे डोळे भरून आले. तो आत आला आणि बापाच्या पायाशी फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तसा.  मग नाक ओढून म्हणाला, "आबा, या स्टुलाला पाठ नाही. दिवसभर बसून कंबर धरत असेल. दिवाळीला येताना खुर्ची आणतो."

 आबांनी भाकरीचा तुकडा मोडून मुलाच्या हातावर ठेवला.

सुंदरबाईचं दोघांकडे लक्ष नव्हतं. ती उंबऱ्यात जाऊन बाहेरच्या दाराकडे बघत उभी होती. मध्येच झाकलेल्या ताटाकडे बघायची, पुन्हा दाराकडे.

"काय दखतस, अक्का?" आबांनी विचारलं.

"घरधनी येल नही आजून," ती काळजीने म्हणाली. "रोट गार हुई गया."

आबांनी झाकलेल्या ताटाकडे बघितलं.

"गाडी लेट शे, अक्का," ते म्हणाले. "येतीन आते."

"माहीत शे मले," सुंदरबाई म्हणाली. "येतसच. तुम्ही खावा, भाऊ."